येलचा 'फायनान्शियल मार्केट्स' अभ्यासक्रम : प्राध्यापक शिलर यांचा वर्ग घरबसल्या

शेअर बाजार शिकवणारे वर्ग आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचले आहेत. परंतु कोणता शेअर कधी घ्यावा आणि कधी विकावा यापलीकडे त्यांतले फार थोडे जातात. भाव मुळात कशामुळे हलतो, विमा आणि वायदेबाजार यांच्यामागे विचार काय आहे, एवढी जाणकार माणसे बाजारात असूनही तो अधूनमधून असा का कोसळतो, हे प्रश्न ज्यांना पडतात त्यांनी येल विद्यापीठातील रॉबर्ट शिलर यांचा 'फायनान्शियल मार्केट्स' हा अभ्यासक्रम पाहावा, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. वाणिज्य शाखेच्या पदवी वर्गाला वित्तव्यवस्था शिकवताना या व्याख्यानांचा मला जेवढा उपयोग झाला, तेवढा कोणत्याही एका पाठ्यपुस्तकाचा झालेला नाही. त्यामुळे हा अभिप्राय तटस्थ माणसाचा नाही. मात्र अभ्यासक्रमाच्या मर्यादाही मी तितक्याच स्पष्टपणे मांडणार आहे.

हा अभ्यासक्रम दोन ठिकाणी मिळतो आणि त्यांतील फरक महत्त्वाचा आहे. येल विद्यापीठाने आपल्या काही वर्गांचे चित्रण 'ओपन येल कोर्सेस' या नावाने सर्वांसाठी विनामूल्य खुले केले असून त्यात शिलर यांचा हा वर्ग २००८ आणि २०११ अशा दोन वर्षांचा आहे. २०११ च्या चित्रणात २३ व्याख्याने आहेत. प्रत्येक व्याख्यान तास-सव्वा तासाचे असून त्याचा शब्दशः मजकूरही सोबत दिलेला आहे. दुसरे रूप कोर्सेरा या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरचे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासक्रमात हेच विषय सात भागांत बसवले आहेत, चित्रफिती काही मिनिटांच्या आहेत, मध्ये मध्ये प्रश्नावली आहेत आणि पैसे भरल्यास प्रमाणपत्र मिळते. ज्याला नेमाने बसण्यासाठी बाहेरून थोडा धाक लागतो त्याला कोर्सेरा सोयीचे पडेल. पण निवड करण्याची मोकळीक असेल तर २०११ ची अखंड व्याख्यानेच पाहावीत, असे माझे ठाम मत आहे. शिलर यांचे शिकवणे तुकड्यांत मावणारे नाही. ते एखादी कल्पना मांडतात, तिचा इतिहास सांगतात, तिच्यावर शंका घेतात आणि वीस मिनिटांनी एका वेगळ्याच उदाहरणावरून पुन्हा तिच्याकडे येतात. चित्रफीत कापली की व्याख्या तेवढी हाती राहते आणि शंका गळून जाते.

ही शंकाच या अभ्यासक्रमाचे खरे धन आहे, आणि ती कोठून आली हे कळण्यासाठी शिलर यांची कारकीर्द थोडी जाणून घ्यावी लागते. १९४६ मध्ये डेट्रॉईट येथे जन्मलेल्या शिलर यांनी मिशिगन विद्यापीठातून पदवी घेतली आणि १९७२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फ्रँको मोडिग्लियानी यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. पूर्ण केली. (येलच्या या वर्गासाठी नेमलेल्या पाठ्यपुस्तकाच्या लेखकांत मोडिग्लियानी यांचे नाव आहे, गुरूचे पुस्तक शिष्याने असे आपल्या वर्गात चालवलेले पाहून मला फार बरे वाटले.) १९८२ पासून ते येलमध्ये शिकवू लागले. त्या काळी अमेरिकेतील वित्तशास्त्रावर कार्यक्षम बाजाराच्या सिद्धांताचा पगडा होता. शिकागो विद्यापीठाच्या युजीन फामा यांनी १९७० मध्ये त्याची सुसूत्र मांडणी केली होती. बाजारातील भावात उपलब्ध असलेली सारी माहिती आधीच उतरलेली असते, त्यामुळे भाव हलतो तो केवळ नव्या माहितीमुळे, असे तो सिद्धांत म्हणतो.

शिलर यांनी १९८१ मध्ये 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात या म्हणण्याची परीक्षा घेतली, आणि त्यांची पद्धत पदवीच्या विद्यार्थ्यालाही समजेल इतकी सरळ आहे. शेअरचे मूल्य म्हणजे पुढे मिळणाऱ्या सर्व लाभांशांचे आजचे मूल्य, हे जर खरे असेल, तर मागे वळून पाहताना ते मोजता आले पाहिजे, कारण त्यानंतर प्रत्यक्षात किती लाभांश मिळाले हे आपल्याला आता माहीत आहे. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची आकडेवारी घेऊन हे मूल्य काढले आणि प्रत्यक्ष भावाशेजारी त्याचा आलेख ठेवला. मूल्याची रेषा जवळजवळ संथ निघाली, भावाची रेषा मात्र सतत उसळणारी आणि कोसळणारी. लाभांशांविषयीच्या नव्या माहितीने जेवढा चढउतार समर्थनीय ठरतो त्याच्या पाच ते तेरा पट अधिक चढउतार बाजारात होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यावर संख्याशास्त्रीय आक्षेप बरेच आले, त्यांतले काही वजनदारही होते, आणि तो वाद पुढे अनेक वर्षे चालला; पण प्रश्न मिटला नाही.

कार्यक्षम बाजारावरील व्याख्यान ऐकताना हा सारा इतिहास मनात असेल तर त्याची खोली कळते. शिलर हा सिद्धांत धुडकावून लावत नाहीत. ते त्याला अर्धसत्य म्हणतात आणि आधी त्याचे सत्य असलेले अर्धे नीट समजावून सांगतात. सर्वांना ठाऊक असलेल्या बातमीवर पैसे कमावणे का कठीण आहे, भावांची वाटचाल एखाद्या दिशाहीन पावलांच्या चालीसारखी का दिसते, बहुतेक गुंतवणूकदारांनी बाजारावर मात करण्याचा हट्ट का धरू नये, हे ते इतक्या प्रामाणिकपणे मांडतात की प्रतिपक्षालाही तक्रार करायला जागा राहू नये. मग उरलेल्या अर्ध्याकडे वळतात. २०१३ मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार फामा, शिलर आणि लार्स पीटर हॅन्सन या तिघांना एकत्रित मिळाला; फामा आणि शिलर यांची मते एकमेकांच्या विरुद्ध असतानाही तो तसा का दिला गेला असावा, याचे उत्तर मला या एका व्याख्यानात मिळाले. शेअरचा भाव उद्या काय होईल हे सांगता येत नाही, पण फार लांबच्या पल्ल्यात मात्र त्याविषयी काहीतरी सांगता येते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

लांबच्या पल्ल्याचा हा विचार त्यांनी अर्थशास्त्रज्ञ जॉन कॅम्पबेल यांच्यासह १९८८ मध्ये पुढे नेला. एका वर्षाचा नफा फसवा असतो, कारण मंदीत तो आक्रसतो आणि तेजीत फुगतो. म्हणून भाव आणि मागील दहा वर्षांचा महागाई वजा केलेला सरासरी नफा यांचे गुणोत्तर पाहावे, अशी ही कल्पना आहे. आज जगभरचे विश्लेषक हे गुणोत्तर 'केप' या संक्षिप्त नावाने वापरतात. यात एक गोष्ट मला विशेष मोलाची वाटते, ती अशी की शिलर यांनी १८७१ पासूनची अमेरिकन बाजाराची मासिक आकडेवारी स्वच्छ तक्त्याच्या रूपात सर्वांसाठी विनामूल्य ठेवली आहे. अभ्यासक्रमाचा तो औपचारिक भाग नाही, पण मी विद्यार्थ्यांना तो तक्ता उतरवून घेऊन १९२९ आणि २००० या वर्षांच्या आसपासचे गुणोत्तर स्वतः काढायला लावतो. दोन्ही वेळी ते दीर्घकालीन सरासरीच्या खूप वर गेलेले दिसते, आणि हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, त्यांनी स्वतः मोजलेले असते.

मात्र हे गुणोत्तर हाती आले की आता बाजाराची वेळ साधता येईल, असे वाटणाऱ्यांनी १९९६ ची हकीकत ध्यानात ठेवावी. त्या वर्षी ३ डिसेंबरला कॅम्पबेल आणि शिलर यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेपुढे बाजार फार महाग झाल्याचे सांगितले आणि दोनच दिवसांनी बँकेचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन यांनी 'अविवेकी उल्हासा'ने, म्हणजे भान सुटलेल्या उत्साहाने, भाव फुगले आहेत हे कसे ओळखावे, हा आपला प्रसिद्ध प्रश्न जाहीर भाषणात विचारला. तेव्हा साडेसहा हजारांच्या खाली असलेला डाऊ जोन्स हा अमेरिकन शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी २००० मध्ये अकरा हजार सातशेच्या वर गेला. म्हणजे इशारा खरा ठरायला तीन वर्षांहून अधिक काळ जावा लागला आणि तोवर त्यावर विसंबून विक्री करणाऱ्याने मोठी वाढ गमावली. शेअर विकण्याची तारीख हवी असलेल्या विद्यार्थ्याची या अभ्यासक्रमाने निराशा होईल, आणि ती व्हावी.

वर्तनवादी वित्तशास्त्रावरचे, म्हणजे बाजारातील निर्णयांमागच्या मानसशास्त्रावरचे व्याख्यान हा माझ्या दृष्टीने या मालिकेचा गाभा आहे. १९ ऑक्टोबर १९८७ या एका दिवसात डाऊ जोन्स निर्देशांक २२.६ टक्क्यांनी कोसळला. त्याच आठवड्यात शिलर यांनी वैयक्तिक आणि संस्थात्मक गुंतवणूकदारांना टपालाने प्रश्नावली पाठवल्या. अर्थशास्त्रज्ञ सहसा आकड्यांकडे पाहतात. माणसांना थेट विचारणे हे त्या वेळच्या वित्तशास्त्रात जवळजवळ अप्रतिष्ठेचे मानले जाई. सुमारे नऊशे उत्तरे आली. त्या दिवशी कोणत्या बातमीने तुम्ही विचलित झालात, या प्रश्नाला एकमुखी उत्तर मिळालेच नाही. लोक घसरणीलाच घाबरून विक्री करत होते. भाव पडत आहेत हीच बातमी होती. तळहाताला घाम सुटला का, लक्ष लागेनासे झाले का, असेही त्यांनी विचारले होते. पुढे १९९१ पासून अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांच्यासह त्यांनी या विषयावरच्या कार्यशाळा चालवल्या आणि त्यातून एक अख्खी ज्ञानशाखा बाळसे धरत गेली. हे सगळे वर्गात ऐकताना जाणवते की हा माणूस मानसशास्त्राची उदाहरणे पुस्तकांतून उचलून देत नाही. ती त्याने स्वतः गोळा केलेली आहेत.

घरांच्या बाजाराबाबतही तसेच. वेलस्ली महाविद्यालयातील कार्ल केस यांनी १९८० च्या दशकात बोस्टनमधील घरांच्या किमतींचा भडका अभ्यासला होता. घरांच्या सरासरी किमतीत एक खोट असते, कारण या वर्षी मोठी घरे जास्त विकली गेली तर किमती न वाढताही सरासरी वाढते. केस आणि शिलर यांनी एकच घर पुन्हा विकले गेले तेव्हा त्याची किंमत किती बदलली, एवढेच मोजले आणि त्यातून निर्देशांक बांधला. आज तो त्या दोघांच्या नावानेच ओळखला जातो. अमेरिकेतील घरांच्या किमतींविषयी शिलर यांनी २००५ मध्ये सावध केले होते. २००६ च्या शिखरापासून २०१२ पर्यंत त्या देशातील किमती याच निर्देशांकाच्या हिशेबाने चतुर्थांशाहून अधिक उतरल्या. २००८ चे चित्रण पाहताना अंगावर काटा येतो. संकट दाराशी आलेले आहे, लेहमन ब्रदर्स ही अमेरिकन गुंतवणूक बँक अजून बुडालेली नाही, आणि वर्गात घरांच्या किमतींचा आलेख दाखवला जात आहे. ज्याला इतिहासाची गोडी आहे त्याने ते चित्रणही जरूर पाहावे.

याच निर्देशांकावर मे २००६ मध्ये शिकागो मर्कंटाईल एक्स्चेंजवर घरांच्या किमतींचे वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे आजच ठरलेल्या भावाने करण्याचे करार, सुरू झाले. घर हीच ज्याची सारी पुंजी आहे त्याला किंमत पडण्याच्या जोखमीपासून संरक्षण मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. त्या वायद्यांत उलाढाल फारशी झाली नाही. ही कल्पना शिलर यांनी कित्येक वर्षे जिवापाड जपलेली होती, तरीही तिचे अपयश ते वर्गात लपवत नाहीत. वित्तीय शोधही यंत्रांच्या शोधांसारखेच असतात, काही लगेच रुजतात आणि काहींना पिढ्या लागतात, असे ते सांगतात. मला हा भाग फार शिकवून गेला.

विम्यावरचे व्याख्यान महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला सर्वांत जवळचे वाटेल. विमा उतरवल्यावर माणूस काळजी घेणे सोडून देतो आणि ज्याला धोका अधिक तोच विम्याला पुढे येतो, या दोन अडचणी शिलर सविस्तर समजावतात. भरपाई एखाद्याच्या स्वतःच्या नुकसानीऐवजी एखाद्या निर्देशांकाला जोडली तर त्या अडचणी कशा टळतात, हेही त्याच ओघात कळते, कारण निर्देशांक कोणा एकाला हलवता येत नाही. आपल्याकडील प्रधानमंत्री पीक विमा योजनेत, स्थानिक आपत्तीसारखे अपवाद सोडले तर, भरपाई शेतकऱ्याच्या वैयक्तिक उत्पन्नावर न ठरता महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते, ती याच तत्त्वाने. माझ्या वर्गातील शेतकरी कुटुंबांतील मुलांना नेमका येथेच प्रश्न पडतो : मंडळात पीक बरे आले आणि आमच्याच शिवारात गेले तर? फसवणूक टाळण्यासाठी निवडलेल्या पद्धतीची किंमत कोणीतरी एक शेतकरी मोजतो. अभ्यासक्रमात भारतीय पीक विम्याची चर्चा नाही, परंतु हा प्रश्न नेमक्या शब्दांत मांडण्याची साधने तेथूनच मिळतात. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा हे व्याख्यान मी दरवर्षी वर्गात चालवतो.

पाहुण्या वक्त्यांत डेव्हिड स्वेन्सन यांचे व्याख्यान मुळीच चुकवू नये. त्यांनी १९८५ पासून २०२१ मधील मृत्यूपर्यंत येल विद्यापीठाचा निधी सांभाळला आणि त्यांच्या कारकिर्दीत तो सुमारे एक अब्ज डॉलरवरून तीस अब्जांच्या पुढे गेला. असा माणूस वर्गात येऊन सांगतो की परतावा प्रामुख्याने ठरतो तो पैसा कोणकोणत्या प्रकारांत विभागला आहे यावरून, शेअरच्या निवडीवरून किंवा वेळ साधण्यावरून नव्हे. २०११ च्या मालिकेत विमा क्षेत्रातील मॉरिस ग्रीनबर्ग आणि हाँगकाँगच्या लॉरा चा हेही येऊन जातात. चा यांनी चीनच्या रोखे नियामक आयोगाच्या उपाध्यक्ष म्हणून काम केले असल्यामुळे नियामकाच्या बाजूने बाजार कसा दिसतो याची थोडी कल्पना येते, पण ही दोन्ही व्याख्याने स्वेन्सन यांच्या तोडीची नाहीत.

आता मर्यादा. गणिताची बाजू पातळ आहे. शेअर, रोखे आणि तेल या तिन्हींचे मिश्रण करून जोखीम कशी घटते हे शिलर आलेखातून सुंदर दाखवतात. पण समीकरण फळ्यावर येते न येते तोच ते पुढे सरकतात. बीटा (बाजाराबरोबर एखादा शेअर किती हलतो याचे माप) किंवा पर्यायांच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा वा विकण्याचा हक्क देणाऱ्या करारांच्या (ऑप्शन्स), किमतीचे सूत्र परीक्षेसाठी शिकायचे असेल तर वेगळे पुस्तक हाताशी हवेच. कायदे, कर आणि संस्था यांविषयीचा तपशील अमेरिकेचा आहे, आणि त्यातला काही आता जुनाही झाला आहे. कोर्सेरावरील प्रश्नावली बहुतांशी व्याख्या तपासतात. शंका घ्यायला शिकवणाऱ्या वर्गाची परीक्षा अशी असावी, हे मला पटत नाही.

पर्यायांवरील व्याख्यानाबाबत एक सूचना करावीशी वाटते. शिलर पर्यायांकडे मुख्यतः विम्याच्या दृष्टीने पाहतात : शेअर ज्याच्याकडे आहे त्याने तो पडण्याच्या भीतीपोटी विकत घेतलेले संरक्षण. आपल्याकडे मात्र तरुण मुले पर्यायांकडे आठवड्याच्या कमाईचे साधन म्हणून येतात. सेबी या भारतातील शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि पर्याय यांत व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. हा आकडा शेजारी ठेवूनच ते व्याख्यान ऐकावे, नाहीतर पर्यायांचे चित्र वास्तवापेक्षा सौम्य वाटते. शिलर यांच्या एकूण भूमिकेविषयीही माझा एवढाच मतभेद आहे. वित्तव्यवस्था समाजाच्या भल्यासाठी वापरता येते हा त्यांचा विश्वास मनापासूनचा आहे आणि तो मला आवडतो. पण तिने केलेल्या नुकसानीविषयी, विशेषतः २००८ नंतर घरे गमावलेल्या माणसांविषयी, २०११ च्या व्याख्यानांत आणखी बोलायला हवे होते.

इंग्रजीची धास्ती असणाऱ्या विद्यार्थ्यांनी मागे राहू नये. शिलर हळू बोलतात, वाक्ये सोपी असतात आणि मजकूर समोर ठेवून ऐकता येते. आरंभापासून क्रमाने जाण्याची सक्तीही नाही. जोखीम व वित्तीय संकटे, विमा, कार्यक्षम बाजार, वर्तनवादी वित्तशास्त्र आणि स्थावर मालमत्ता या पाच व्याख्यानांनी सुरुवात करून मग उरलेल्यांकडे वळले तरी चालते. बँकांच्या परीक्षा देणाऱ्यांना पतधोरणावरचे व्याख्यानही उपयोगी पडेल. केवळ प्रमाणपत्रासाठी पैसे भरण्यापूर्वी ते तुमच्या महाविद्यालयात किंवा नोकरीत ग्राह्य धरले जाते का याची चौकशी करून घ्यावी. शिक्षण तर विनामूल्य चित्रणातही तेवढेच मिळते.

ओपन येल कोर्सेसचे साहित्य ज्या परवान्याखाली दिले आहे त्यात श्रेय देऊन, व्यापारी हेतू न ठेवता आणि त्याच अटींवर पुढे वाटण्याच्या तयारीने भाषांतर करायला मुभा आहे. या सोयीचा लाभ मराठीत अजून घेतला जायला हवा. वाणिज्य आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या चार-पाच जणांनी व्याख्याने वाटून घेतली तर वर्षभरात मुख्य व्याख्यानांचा मजकूर मराठीत तयार होईल. मी विम्याचे व्याख्यान घेतले आहे. ज्यांना वायदेबाजार किंवा स्थावर मालमत्तेवरील व्याख्यान घ्यायचे असेल त्यांनी मूळ मजकुराची एक-दोन पाने करून पाहावीत, म्हणजे परिभाषेवर एकत्र बसून बोलता येईल.